स्वेटर काढायचा तास

डिसेंबरातली दुपार, दीड वाजला असेल. डबे खाऊन झाले होते. फळ्यावर उद्याचा वार आणि तारीख लिहून मी मागे वळले, तर समोर अकरा स्वेटर बसलेले. अकराही गळ्यापर्यंत बंद. दोघांच्या डोक्याला कानटोप्या. त्यातल्या एकाच्या टोपीच्या काठाखालून घामाचा थेंब बाहेर येई, भुवईत अडके आणि मागून दुसरा आला की दोन्ही मिळून गालावर उतरत. तो पुसत नव्हता. हात मांडीवर ठेवून शहाण्यासारखा बसला होता.

वर पंखा चालू होता. तो मीच लावला होता, अकरा वाजता, मला उकडायला लागलं म्हणून. माझी शाल तर दहालाच खुर्चीच्या पाठीवर गेली होती.

साताऱ्याची थंडी अशीच. पहाटे दहा-बारा अंश आणि दुपारी तिशीला टेकणारं ऊन. सकाळी रिक्षात बसवताना आयांनी पोरांच्या अंगावर स्वेटर चढवले होते. उतरवा असं कुणी म्हटलं नव्हतं, म्हणून ते उतरले नव्हते.

त्याआधीचे तीन आठवडे आम्ही 'ऋतूप्रमाणे कपडे' हाच घटक घेत होतो. अकरापैकी आठ जण 'हिवाळा' या चित्रासमोर 'स्वेटर'चं चित्र न चुकता ठेवायला लागले होते. नोंदवहीत मी बरोबरच्या खुणा केल्या होत्या. तशा त्या चूक नव्हत्याच. हिवाळा होता आणि अंगात स्वेटर होता.

बावीस वर्षं मी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या विशेष शाळेत शिकवते. आमच्या प्रगतिपत्रकात एक ओळ असते : 'ऋतू व प्रसंगानुरूप कपडे निवडतो / निवडते'. ही ओळ मी आजवर किती वेळा भरली असेल, सांगता येणार नाही. त्या दुपारपर्यंत तिच्यातल्या 'निवडतो'चा अर्थ माझ्या डोक्यात 'घालतो' एवढाच होता.

आता त्या चित्रांविषयी. बाजारात मिळणाऱ्या ऋतूंच्या तक्त्यावर हिवाळा म्हणजे बर्फाचा माणूस, त्याच्या गळ्यात लाल मफलर आणि नाकाच्या जागी गाजर. पावसाळा म्हणजे पिवळे गमबूट घालून डबक्यात उड्या मारणारा गोरा मुलगा. माण तालुक्याकडची एक मुलगी आमच्याकडे आहे, इथं मामाकडे राहते, सतरा वर्षांची. तिला एकदा मी खिडकीशी नेऊन विचारलं, बघ बाहेर, कोणता ऋतू आहे? तिने बराच वेळ मैदान न्याहाळलं आणि म्हणाली, "बरफ न्हाई." मी शिकवलेलं तिने चोख लक्षात ठेवलं होतं. तिला थंडी शोधायला सांगितली होती, ती बर्फ शोधत होती.

आणि आमचा जिल्हा तरी कसला! महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यात माण तालुक्यात पाचशेच्या आसपास पडला तरी लोक बरं वर्ष म्हणतात. मेढ्याकडून एसटीने येणाऱ्या मुलाला जून ते सप्टेंबर अंगावरचा कपडा सुका असणं हीच चैन. म्हसवडच्या मुलीला रेनकोट ही टीव्हीत दिसणारी वस्तू. मेढ्याच्या त्या मुलाला मी रेनकोटचं चित्र दाखवलं तर तो म्हणाला, "पोलीस." पोवई नाक्यावर पावसात उभा असलेला वाहतूक हवालदार त्याने रोज बघितलेला. घरी त्याची आजी अजून भातलावणीला इरलं घेते, चुलते डोक्यावरून घोंगडीची खोळ करतात. शेवटी आम्ही तक्ते गुंडाळून ठेवले. आयांना सांगितलं, तुमच्या फोनवर घरातल्यांचे फोटो काढून पाठवा : पावसात, उन्हात, लग्नाला निघताना, शेतात जाताना. आलेले फोटो छापून पुठ्ठ्यावर चिकटवले. त्यात इरल्याखाली वाकलेली आजीही आली. तिला तो बरोबर पावसाळ्यासमोर ठेवतो.

कपडे घालायला शिकवणं हे आमच्या धंद्यातलं जुनं, चांगलं बसलेलं काम आहे. मद्रासला तयार झालेली एक तपासणी-सूची आमच्या पिढीच्या बहुतेक शिक्षकांनी वापरली आहे. तिच्यात अठरा क्षेत्रं, दर क्षेत्रात वीस बाबी, म्हणजे ३६० कौशल्यं. त्या अठरांत कपड्यांचं क्षेत्र वेगळं. शर्ट घालणं ही आपल्याला एक क्रिया वाटते. तिचे तुकडे पाडायला बसलं की दहा-बारा निघतात. ते तुकडे शेवटाकडून शिकवायचे. म्हणजे अकरा पायऱ्या आपण करून द्यायच्या, बारावी मुलाने करायची. शर्ट आपण घालायचा, शेवटचं बटण त्याचं. मग शेवटची दोन बटणं. असं मागं मागं जात एक दिवस आख्खा शर्ट त्याचा होतो. यात खुबी अशी की पहिल्या दिवसापासून काम संपवणारा तोच असतो, आणि बटण लागल्यावर आरशात बघतो तोही तोच.

बाकी बारीकसारीक युक्त्या. बटणं खालून लावायला घ्यायची, कारण दोन टोकं समोरासमोर धरलेली दिसतात; वरून घेतली की एक घर चुकतं आणि शेवटी एक बाजू लोंबते. पुढचं-मागचं कळावं म्हणून गळ्याच्या आत मागल्या बाजूला लाल दोऱ्याचे चार टाके. नाडीऐवजी इलास्टिक. ज्याचा एक हात आखडलेला आहे त्याचा तो हात बाहीत आधी घालायचा आणि काढताना तोच शेवटी काढायचा. हे शेवटचं मी शिकाऊ शिक्षिकांना दरवर्षी सांगते. घालण्याची रीत आणि काढण्याची रीत एकमेकींच्या उलट असतात, हे वाक्य इतकी वर्षं माझ्याच तोंडात होतं. त्याचा आणखी काही अर्थ असेल असं वाटलं नव्हतं.

आमच्या गल्लीतल्या शिंपीकाकांचं नाव इथं काढायला हवं, पण त्यांना आवडायचं नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांचे हातपाय जरा आखूड असतात. तयार कपड्यात खांदा बसला तर बाही बोटांवर येते, कंबर बसली तर पँट दुमडावी लागते. काका अशा मुलांना दुकानाच्या फळीवर उभं करतात आणि माप घेताना आईशी नाही, त्याच्याशी बोलतात. "खिसा किती पाहिजे? एक का दोन? आत काय ठेवणार?" बटण लावता न येणाऱ्या एका मुलाच्या शर्टाला त्यांनी आतून वेल्क्रोची पट्टी लावली आणि वरून नुसती शोभेची बटणं टाकली. लांबून बघणाऱ्याला कळायचं नाही. पट्टी हातात धरून ते म्हणाले, "हे म्हणजे धोतराला गोखरू चिकटतं तसंच की ओ." मी म्हटलं, काका, तसंच आहे. स्वित्झर्लंडच्या एका अभियंत्याच्या, जॉर्ज द मेस्त्रालच्या, कुत्र्याच्या केसांत अशीच काटेरी फळं अडकली होती, त्यावरूनच त्याला ते सुचलं; १९५५ला पेटंट मिळालं. काकांनी पट्टी दोनतीनदा कर्रकर्र उघडली, मिटली. "आमच्या बापाच्या धोतराला काय थोडी चिकटली होती," म्हणाले.

कपडा अंगाला टोचतो म्हणून न घालणारी मुलं हा वेगळा विषय आणि आमच्याकडे तो फार उशिरा कळला. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, अपंगांसाठीच्या १९९५च्या कायद्यातल्या सात प्रकारांत नव्हतीच; २०१६च्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांत ती आली. तोवर अशी कित्येक मुलं आमच्या लेखी नुसती हट्टी होती. टेंपल ग्रँडिन या स्वमग्न अमेरिकन पशुविज्ञानतज्ज्ञ बाईंनी लहानपणी चर्चला जाताना घालावा लागणारा खरखरीत पेटीकोट अंगाला कसा सोलायचा ते सांगून ठेवलं आहे. आमच्याकडे त्या पेटीकोटाच्या जागी जरीच्या काठाचं परकर-पोलकं. उपाय साधा : आतून जुन्या धोतराचं मऊ अस्तर आणि घालण्यापूर्वी दोनदा धुणं. पण सणाचा कपडा कोराच असावा लागतो, धुतला की तो नवा राहत नाही. वर त्याच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावायचं. ते लाल बोट बघून आमची एक मुलगी पाडव्याला तासभर रडली होती, डाग पडला म्हणून. तिला डाग ओळखायला मीच शिकवलं होतं.

डागाचाच आणखी एक घोटाळा. आम्ही दोन टोपल्या ठेवून शिकवतो : स्वच्छ कपडे, मळके कपडे. वर्गात ते झकास जमतं. घरी गेलं की तिसरीच जागा निघते, दाराआडची खुंटी. एकदा घातलेली पँट, संध्याकाळी बाजारात जायचा सदरा, उद्या पुन्हा चालेल अशी साडी. ते कपडे मळलेले नाहीत आणि धुतलेलेही नाहीत. सगळ्या घराचा कारभार त्या खुंटीवर चालतो. एका आईने तक्रार केली, "बाई, तुमी काय शिकवलंय? ह्यानं खुंटीवरचं समदं धुण्यात टाकलं. ह्यांच्या पँटीत तीनशे रुपये हुते." त्याचं काही चुकलं नव्हतं. आमच्या वर्गात खुंटी नव्हती. आता एक ठोकून घेतली आहे.

निवड म्हणजे काय हेही मला मुलांनीच दाखवलं. दोन शर्ट समोर धरून विचारायचं, "हा की तो?" आमचा एक विद्यार्थी दर वेळी निळा म्हणायचा. त्याला निळा आवडतो असं आम्ही घरी कळवलं, घरच्यांनी हौसेने निळे चार शर्ट घेतले. पुढं एका शिकाऊ मुलीने सहज क्रम बदलून विचारलं, "निळा की पिवळा?" तो म्हणाला, "पिवळा." कानावर शेवटी पडलेला शब्द तो परत देत होता, आणि मी सवयीने निळा नेहमी शेवटी म्हणत होते. तेव्हापासून शर्ट टेबलावर ठेवायचे, तोंडाने काही म्हणायचं नाही आणि थांबायचं. हे थांबणं फार जड जातं. पंधरा सेकंद गप्प बसून बघा. त्याने शेवटी हात घातला तो टेबलाशेजारी खुर्चीवर पडलेल्या माझ्या विणकामाकडे.

आणि हे सगळं कुठं चालतं? जिथं आठवड्याचे पाच दिवस गणवेश घालून यावं लागतं तिथं. सकाळी सगळ्यांनी एकसारखा कपडा घालून यायचं आणि अकराच्या तासाला कपडे कसे निवडावेत हे शिकायचं. यावर मी मुख्याध्यापकांशी दोनदा भांडले आहे. एक शनिवार मिळाला.

त्या शनिवारी मोठ्या मुली फ्रॉक घालून येतात. एकोणीस, एकवीस, चोवीस वर्षांच्या मुली. गुडघ्यावर येणारा, छातीवर अस्वल छापलेला फ्रॉक, कातरलेले केस. पंचविशीतले मुलगे हाफ चड्डीत. 'अजून लहानच आहे तो' हे वाक्य आमच्या आवारात कुणी ना कुणी रोज बोलतं. नवीन होते तेव्हा मला याचा संताप यायचा. आता निम्मा येतो. पाळीच्या दिवसांत मुलीचं सगळं आईलाच करावं लागतं, फ्रॉक उचलला की झालं, सलवारीची नाडी सोडायला दोन हात लागतात आणि ते दोन्ही आईचेच. केस कातरले की उवांची कटकट नाही. आणि मुलगी मोठी दिसली की रस्त्यावरच्या नजरा वेगळ्या होतात. त्या होऊ नयेत म्हणून तिला लहान ठेवायचं. आया वेड्या नाहीत. पण उरलेला निम्मा संताप मी सांभाळून ठेवला आहे, कारण चोवीस वर्षांच्या बाईला अस्वलाच्या फ्रॉकमध्ये बघितलं की रिक्षावालाही तिला 'ए बाळा' म्हणतो आणि हात धरून चढवतो. तो हात धरायचा हक्क त्याला त्या फ्रॉकने दिलेला असतो. इलास्टिकची सलवार आणि गुडघ्याखाली येणारा कुडता शिवायला फ्रॉकइतकाच वेळ लागतो. काकांना विचारलं आहे.

दुकानाचं एक सांगते आणि पुढं जाते. मोठ्या मुलांना घेऊन आम्ही मोती चौकाच्या बाजूला कपडे घ्यायला जातो. प्रत्येकाच्या खिशात कार्ड : माप, किती रुपयांपर्यंत, रंग त्याचा त्याने ठरवायचा. एका दुकानात गल्ल्यावरच्या गृहस्थांनी मुलाच्या डोक्यावरून मला विचारलं, "यांना काय रंग दाखवू?" मी म्हटलं, त्यांनाच विचारा. ते हसले. "यांना काय कळतंय?" मुलाने तोवर भडक केशरी शर्ट उचलला होता, माप बघितलं होतं आणि पैसे काढून गल्ल्यावर मांडले होते. वीस रुपये जास्तच. ते त्यांनी न बोलता परत दिले, एवढं मात्र म्हणायला हवं.

आता पुन्हा त्या डिसेंबरच्या दुपारी. अकरा स्वेटर बघून मला एक पांढरा शर्ट आठवला.

आमच्या कार्यशाळेत तेवीस वर्षांचा एक तरुण कागदी पिशव्या करतो. आदल्या वर्षी श्रावणात त्याचे आजोबा गेले. दहाव्याला घरच्यांनी त्याला नेलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुष्कळ घरांतून अशा वेळी 'तो काहीतरी भलतंच घालेल, भलतंच बोलेल' म्हणून पोराला शेजारी ठेवतात. याला नेलं. पांढरा शर्ट घालायला दिला. मग तो शाळेत आला तो पांढऱ्या शर्टात. भाद्रपदात पांढरा, नवरात्रात पांढरा. दोन शर्ट आलटून पालटून, एकाच्या कॉलरला डिंक लागलेला. मी बघत होते. मला बरंही वाटत होतं. नोंदवहीत मी लिहिलं : 'कपड्यांबाबत स्वतःची आवड ठामपणे दाखवू लागला आहे.'

दिवाळीच्या कार्यक्रमाला त्याला जांभळा कुडता द्यायला गेले तर त्याने हात मागे घेतले आणि म्हणाला, "आबा." मी पुन्हा पुढं केला. "आबा," जरा मोठ्याने.

त्याच्या आईला बोलावलं. ती म्हणाली, "आमीच सांगितलं हुतं त्याला. आबा गेल्यात, आता पांढरंच घालायचं."

"कधीपर्यंत घालायचं ते सांगितलंत का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "त्ये काय सांगाय लागतं व्हय बाई?"

लागत नाही, कारण आपल्याला ते कुणीतरी करून दाखवतं. आमच्या भागात सुतक फिटलं की सोयरे येतात, दुखवटा काढतात. पाटावर बसवतात, गंध लावतात, अंगावर नवा कपडा घालतात, पुरुषांना टॉवेल-टोपी देतात, गोड खाऊ घालतात. झालं, उद्यापासून रंगीत घाला, कामाला लागा. रडणं आत चालू असलं तरी अंगावरचा कपडा कधी बदलायचा हे ठरवायचं ओझं माणसावर राहत नाही. मी त्या माउलीला विचारलं, त्या दिवशी पाटावर कोण कोण बसलं होतं? नवरा, दीर, पुतण्या. पुतण्या एकोणीस वर्षांचा. "आणि हा?"

"त्याला काय... ल्हान त्यो." आणि तिचं तिलाच कळलं असावं, कारण ती पदर तोंडाला लावून गप्प झाली.

पुढच्या रविवारी त्याचा मामा कोरेगावहून आला. मी तिथं नव्हते, ऐकलं ते सांगते. त्याला एकट्याला पाटावर बसवलं, गंध लावलं, डोक्यावर टोपी ठेवली आणि आकाशी रंगाचा शर्ट घडी मोडून अंगात घातला. तो उठेना. मामाने विचारलं, काय रे? तर म्हणाला, "गोड." शिरा करायचा राहिला होता. तो केला, खाल्ला, मग उठला. सोमवारी आकाशी शर्ट घालून पिशव्या चिकटवायला हजर. टोपी मात्र त्याने महिनाभर उतरवली नाही. ती कधी काढायची हे पुन्हा कुणी सांगितलं नव्हतं.

तर अकरा स्वेटर. माझ्या लक्षात आलं की बावीस वर्षं मी कपडे चढवायलाच शिकवत आले. म्हणजे काढायला शिकवलं नाही असं नाही. मूल आधी काढायलाच शिकतं. टोपडं ओढून फेकणं, मोजा ओढणं हे घालण्याच्या कितीतरी आधी येतं, आमच्या सूच्यांतही तसंच धरलेलं असतं. पण ते झालं हाताचं काम. आता काढावं की नाही हे ठरवणं आम्ही मधल्यामध्ये गाळलं होतं, आणि गाळलं होतं ते विसरून नव्हे. भीतीने. आमच्याकडचा एक मुलगा काही वर्षांपूर्वी चालत्या एसटीत उकडलं म्हणून सगळे कपडे काढून बसला होता. त्याच्या आईने पुढं सहा महिने त्याला कुठं नेलं नाही. मुलींचं तर बोलायलाच नको. 'अंगावरचा कपडा काढायचा नाही' हे आम्ही सगळ्यांनी इतकं घोटून घेतलं होतं की त्यात स्वेटरही आला.

मग जानेवारीत तास सुरू केला. रोज साडेअकराला घंटा वाजली की हात गळ्याशी न्यायचा, मागे मानेवर फिरवायचा. ओलं लागतंय? मग स्वेटरचा खालचा काठ वर उचलून बघायचं : आत काय आहे? आत दुसरा कपडा दिसला तर वरचा काढायचा. नुसतं अंग दिसलं तर काढायचा नाही. काढला की चार घड्या, दप्तरात. आठवडाभरात माणकडची मुलगी घंटेच्या आधीच काठ उचलून बघायला लागली. दुसऱ्यांचेही उचलून बघायला लागली, ते थांबवावं लागलं.

नियम पक्का होता असं मला वाटत होतं. २६ जानेवारीला झेंडावंदन झालं, ऊन चढलं, अकराला शर्यती सुरू झाल्या. आमच्या कानटोपीवाल्याने मैदानाच्या मधोमध स्वेटर काढला. मी पालकांना अभिमानाने दाखवत होते, बघा, सांगावं लागलं नाही. त्याने स्वेटरच्या चार घड्या केल्या. मग शर्टाचा काठ उचलला, आत बनियन दिसलं. शर्ट काढला, चार घड्या केल्या. प्रमुख पाहुण्यांसमोर बनियनवर उभा. बनियनचा काठ उचलला, आत अंग दिसलं, खाली सोडला.

नियमाप्रमाणे त्याचं एक अक्षर चुकलं नव्हतं. मी धावत जाऊन त्याला म्हटलं, अरे, बनियनवर चारचौघांत उभं राहायचं नसतं. त्याने मैदानाच्या कुंपणापलीकडे बोट दाखवलं. समोरच्या घराच्या ओट्यावर एक आजोबा बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांची चड्डी घालून पेपर वाचत बसले होते. त्याच्या वडिलांनी डोक्याला हात लावला आणि हसायला लागले, कारण सुट्टीच्या दिवशी तेही तसेच बसतात. आता आमच्या भिंतीवर नवीन पुठ्ठा लागला आहे : बनियन, आपल्या ओट्यापर्यंत. पायरी उतरली की शर्ट. हा नियम सगळ्या जगात चालेल असं नाही, आमच्या गल्लीत चालतो.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मला सर्दीताप होता. रजा शिल्लक नव्हती, म्हणून शाळेत आले होते. हिरवा लोकरी स्वेटर, बहिणीने विणलेला, घालून खुर्चीत बसून होते. साडेअकराची घंटा झाली. मुलांनी माना चाचपल्या, काठ उचलले, घड्या केल्या. माणकडची मुलगी स्वतःचं उरकून माझ्याजवळ आली. माझ्या मानेला हात लावला. तापाने ती गरम होती. माझ्या स्वेटरचा काठ दोन बोटांनी उचलला, खाली साडी दिसली, समाधान झालं.

"बाई, काढा."

मी म्हटलं, मला बरं नाही, मला थंडी वाजतेय. तिने पुन्हा मान चाचपली. "काढा."

सगळा वर्ग बघत होता. महिनाभर मीच घोकून घेतलेलं. काढला. तिने माझ्या हातातून घेतला, चार घड्या केल्या आणि आपल्या दप्तरात ठेवून चेन लावली. सुटताना माझ्या लक्षात राहिलं नाही. स्कूटरवर घरी जाताना कुडकुडले तेव्हा आठवलं.

सोमवारी तिची मामी स्वतः आली, कागदात गुंडाळलेला स्वेटर घेऊन. दप्तरात सापडला, कुणाचा ते पोरीला विचारलं तर नुसतं 'बाई, बाई' म्हणते, म्हणून धुऊन आणला म्हणाली. चांगला कढत पाण्यात, सोड्यात भिजवून. लोकरीचं काय होतं ते सांगायला नको. हात घालून बघितला तर बाही कोपरापाशी अडली. मामी कानकोंडी झाली, नवीन घेऊन देते म्हणाली. मुलगी मधे उभी राहून आमच्याकडे बघत होती. तिने माझ्या हातातून स्वेटर ओढून घेतला आणि अंगात घातला. खालची बटणं आधी.

तिला अगदी मापात बसला.